शरदातलं नागपूर, लेकरांसोबत आणि बिनखर्चाचं

नागपुरातला ऑक्टोबर दुपारी अजून तापलेलाच असतो. पाऊस परतलेला, जमिनीतली ओल वर येत असलेली, हवेत घाम सुकत नाही. अशा वेळी अकरा ते चारमध्ये लेकरांना बाहेर काढलं की अर्ध्या तासात रडारड सुरू होते, आणि दोष मात्र जागेला दिला जातो. म्हणून आधी घड्याळ लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण ६.०५ ला उगवतो आणि ६ च्या सुमारास मावळतो. नोव्हेंबर लागला की उगवणं ६.१८ वर आणि मावळणं ५.४० च्या आत येतं. बाहेरची कामं सकाळी ६ ते ८.३० मध्ये, उरलेली संध्याकाळी ५ नंतर. दुपारचं एकच काम खाली दिलंय आणि त्याला गच्ची पुरते.

इथे फक्त तिकीट नसलेल्या गोष्टी घेतल्या आहेत. महाराजबाग, रमण विज्ञान केंद्र, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय या जागा चांगल्याच आहेत, पण तिथे पैसे लागतात.

गच्चीवरची काठी आणि ध्रुव तारा

सहावी-सातवीतल्या मुलांसाठी या ऋतूत याहून चांगला उद्योग नाही. एक सरळ, बारीक काठी घ्या, जमिनीच्या वर बरोबर १ मीटर राहील अशी. वाळू भरलेल्या डब्यात ती उभी करा, पण मोजताना उंची गच्चीच्या फरशीपासून धरा, डब्याच्या तोंडापासून नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. काठी सरळ उभी आहे का ते दोऱ्याला दगड बांधून दोन बाजूंनी तपासा.

सकाळी ११.४० पासून १२.२० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली पडते तो नागपूरचा खरा मध्यान्ह. तो घड्याळात बाराला येत नाही, हे मुलांना स्वतः सापडू द्या. २३ सप्टेंबरच्या आसपास तो १२.०६ ला येतो आणि १ नोव्हेंबरच्या आसपास ११.५७ ला. कारण दुहेरी आहे. आपलं घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि नागपूर ७९ अंशांच्या जरा पुढे, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर यायला जवळपास १४ मिनिटं उशीर होतो. दुसरीकडे, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या तब्बल १६ मिनिटं पुढे असतो, आणि तो उशीर भरून निघतो.

१ मीटर काठीची मध्यान्हीची सावली साधारण अशी यायला हवी: २३ सप्टेंबरला ३९ सेंटीमीटर, १५ ऑक्टोबरला ५७, १ नोव्हेंबरला ७१, १५ नोव्हेंबरला ८३. पुढे २२ डिसेंबरला ती ९९ पर्यंत जाते, म्हणजे काठीएवढीच. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक चालतो. दहाचा फरक आला तर काठी कललेली आहे किंवा गच्चीच्या उताराने घोळ केलाय, कारण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो. सावलीचं टोक अंधुक दिसतं, तेव्हा गडद भाग संपून फिकट सुरू होतो त्याच्या मधोमध खूण करा आणि प्रत्येक वेळी तसंच करा.

आखूड सावलीची रेघ खडूने लांब ओढून ठेवा. ती बरोबर उत्तरेकडे जाते. त्याच रात्री ८.३०-९ ला त्याच रेघेवर उभं राहून उत्तरेकडे बघा. हात पूर्ण ताठ करून मूठ क्षितिजावर ठेवली की ती साधारण १० अंश भरते. मुठीवर मूठ, दोन मुठी रचल्या की त्यांच्या किंचित वर ध्रुव तारा. लेकराची मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, त्यामुळे माप त्यालाही लागू पडतं. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या जरा वर आहे, आणि ध्रुवाची उंची नेहमी आपल्या अक्षांशाएवढीच असते. २३ सप्टेंबरची ३९ सेंटीमीटरची सावलीसुद्धा याच २१ अंशांची. दुपारच्या सूर्याने आणि रात्रीच्या ताऱ्याने एकच आकडा सांगितला, हे मुलाने कागदावर लिहून ठेवावं.

शाळेत सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला शिकवतात. शरदातल्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून मुलं शोधत राहतात आणि कंटाळतात. त्याऐवजी ईशान्येला आडवा पडलेला इंग्रजी एम शोधा, ती शर्मिष्ठा. दुसरी चूक म्हणजे ठळक तारा दिसला की त्यालाच ध्रुव म्हणणं. ध्रुव मध्यम तेजाचा आहे आणि शहराच्या धुरकट उजेडात चक्क फिका दिसतो. रस्त्याचा दिवा डोळ्यांत येणार नाही अशा कोपऱ्यात दहा मिनिटं बसा, मोबाइल खिशात. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री ९ ला पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आलेला असतो. किती चांदण्या मोजता येतात ते प्रत्येकाने वेगळं लिहावं, मग मिळवून बघावं.

नकाशा-मोजणीत मुलाचं मन रमलं तर एका सकाळी विधानभवनाजवळच्या झिरो माइलला न्या. भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेली ही खूण आहे: वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे. शेजारच्या दगडावर गावांची अंतरं मैलात कोरली आहेत. मैलाला १.६ ने गुणून किलोमीटर काढायला लावा. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, हे सांगायला विसरू नका. वीस मिनिटांत हे सगळं आटपतं.

सकाळी तळ्यावर

अंबाझरीचा बांध तळ्याच्या पूर्व बाजूला आहे, त्यामुळे सकाळी बांधावरून पाण्याकडे पाहताना सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग उघड दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळे पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. म्हणून इथे सकाळीच जावं. दुर्बीण नसली तरी अडत नाही. पहिली १५ मिनिटं एका जागी बसायचं, हीच काय ती अट. चालत राहिलं की पक्षी पुढे पुढे सरकतात आणि मुलांना फक्त उडणारी शेपटी दिसते.

ओळखायला सोपे असे पाच-सहाच घ्या. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा, कारण त्याच्या पिसांत पाणी मुरतं. काठावर मातकट रंगाचा बसलेला आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होणारा वंचक, यावर लहान मुलं सर्वांत खूश होतात. चोचीवर पिवळा आणि लाल रंग असलेलं हळदी-कुंकू बदक. खंड्या. आणि शेपटी सारखी वर-खाली हलवत चालणारा धोबी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये धोब्यांचे काही प्रकार उत्तरेकडून येतात, म्हणून पहिला धोबी दिसला त्या दिवसाची तारीख वहीत टाका. पुढच्या वर्षी पडताळता येते. बिस्किटं-पाव पाण्यात टाकू नका. पक्ष्यांना ते मानवत नाही आणि उरलेलं पाणी खराब करतं.

पावसाळा सरताना बांधाच्या दगडांवर शेवाळ असतं, म्हणून लहान लेकरू हाताच्या अंतरावरच हवं. ओव्हरफ्लोच्या बाजूला मुलांना नेऊच नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही नागपूरचा पाऊस असा एका रात्रीत येतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर तळ्याचा बेत पुढे ढकला.

पडलेली फुलं, पडलेली पानं

पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. झाडूवाले येण्याआधी पोचायचं म्हणजे सहाच्या आत. त्यापेक्षा आदल्या रात्री ओळखीच्यांच्या झाडाखाली जुनी चादर अंथरून ठेवावी, फुलांना माती लागत नाही. पांढऱ्या पाकळ्या बाजूला काढून केशरी देठ तेवढे वेगळे करा. चार-पाच वर्षांच्या मुलांची बोटं या कामाला अगदी योग्य असतात. वाटीभर दाबून देठ झाले की दोन कप पाण्यात मंद आचेवर १०-१५ मिनिटं उकळा आणि गाळा. पांढरा सुती रुमाल आधी साबणाने धुऊन खळ काढून टाका, नाहीतर डाग-डाग रंग येतो. मग लिटरभर गरम पाण्यात अर्धा चमचा तुरटी विरघळवून रुमाल तासभर बुडवा, पिळा आणि रंगात रात्रभर ठेवा. सकाळी पिवळसर केशरी निघतो. सावलीतच वाळवा. हा रंग उन्हाला टिकत नाही, गच्चीवर टाकला तर दोन-तीन दिवसांत उतरतो. जाळाशी मोठ्यांनीच राहायचं.

बुचाची फुलंही याच दिवसांत पडतात. सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या झाडांच्या रस्त्यांवर सकाळी खाली बघत चाला. लांब नळीची पांढरी फुलं दोऱ्याशिवाय गुंफता येतात: तीन फुलांच्या नळ्या वेणीसारख्या घालायच्या, प्रत्येक वळणाला एक नवं फूल आत घ्यायचं, फुलाचं तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नळी करकचून ओढली की तुटते, नखाने दाबली की काळी पडते. ओल्या फडक्यात घरी आणा. दुपारपर्यंत ती मलूल होतातच, म्हणून वेणी लगेच घाला.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात. मुलांना फरक शिकवा. दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली, पण आपट्याचं पान लहान, जाडसर, आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त, साधारण तीन-चार सेंटीमीटरचं. कांचनाचं तळहाताएवढं आणि पातळ. सोनं वाटण्यासाठी फांद्या ओरबाडू नका. सणाच्या आधीच्या आठवड्यात गळलेली पानं वेचून वहीत दाबून ठेवली तर घरापुरती सहज होतात. पुरली नाहीत तर जुन्या पिवळ्या कागदाची कापून घ्या, एका पानाचा साचा करून. वाटताना पायरी चढून आजी-आजोबांकडे जायचं असतं, पानाची जात कोणी विचारत नाही. पण झाड मात्र दरवर्षी बोडकं होतं.

दीक्षाभूमी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे हा ऋतू या जागेचाच आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. विजयादशमीच्या आसपास देशभरातून लाखो माणसं येतात. ती गर्दी मुलांनी एकदा तरी बघावी असं आम्हाला मनापासून वाटतं, पण सहा वर्षांच्या वरच्यांनी, आणि पूर्ण तयारीनिशी. मुलाच्या हातावर बॉलपेनने पालकाचा फोन नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर घामाने पुसतो. हरवलं तर भेटायची जागा आत शिरायच्या आधीच बोटाने दाखवून ठेवा. पाण्याची बाटली सोबत, गाडी लांब लावून शेवटचा टप्पा पायी. त्याहून लहान लेकरं असतील तर दसऱ्याच्या आठवडाभर आधी किंवा नंतर सकाळी जा. तेव्हा स्तूपात शांत बसता येतं आणि आवारातला बोधिवृक्षही नीट बघता येतो. हात लावून पानं तोडू नयेत. खाली गळलेलं पान उचलून त्याचं लांब शेपटासारखं टोक मुलाला दाखवा: पावसाचं पाणी त्यावरून झरकन निथळतं.

भुलाबाई ते कोजागिरी

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते, म्हणजे भुलोबा-भुलाबाईच्या मूर्ती मांडून रोज संध्याकाळी लेकी गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखतात. फ्लॅटमध्ये महिनाभर जमत नसेल तर शेवटचे पाच दिवस धरा, रोज एकेका घरी. भुलोबा आणि भुलाबाई विकत आणायची गरज नाही. वीतभर उंचीच्या मूर्ती घरच्या मातीच्या होतात, पण भरीव करू नका. आत कागदाचा बोळा ठेवून वर बोटभर जाडीची माती लावा. भरीव मूर्ती बाहेरून आधी सुकते आणि मानेशी चिरते. मखराला ज्वारीची पाच धांडे लागतात. शेतावरच्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवलं तर कोणीतरी घेऊन येतंच.

गाणी ही खरी अडचण. ती आजीला येतात, आईला अर्धी आणि लेकीला एकही नाही. म्हणून सुरुवात होण्याआधी एका दुपारी आजीकडून गाऊन घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. एका संध्याकाळी दोन नवी गाणी पुरेत, बाकी कालचीच. मुलगे असतील तर त्यांनाही टाळ्या-टिपऱ्यांना बसवा, खाऊ ओळखायला तर ते येतातच.

खाऊ ओळखणं हा लहानांचा आवडता भाग, त्याला थोडी शिस्त लावा. डबा हलवून आवाज ऐकवायचा. मग गोड की तिखट, कोरडा की ओला, तळलेला की भाजलेला असे प्रश्न, एकाने एकच विचारायचा, सर्वांत लहान्याने आधी. फुटाणे स्टीलच्या डब्यात खणखणतात, मुरमुरे सळसळतात, शिरा गप्प बसतो. स्वयंपाकघरात असेल तेच ठेवा. घराघरात चढाओढ लागली की चौथ्या दिवशी कोणीतरी आई कंटाळून खेळातून बाहेर पडते.

कोजागिरीला घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळतात. दूध आटवत ठेवलं की मुलांना गच्चीवर पाठवा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता-मावळताच पूर्वेला उगवतो, म्हणून पावणेसहाला तिथे हजर. क्षितिजाजवळ तो मोठा दिसतो. करंगळी ताठ हाताने पुढे धरून तो झाकला जातो का पाहा, आणि रात्री दहाला पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा तो सारखाच झाकला जातो, मोठेपणा फक्त डोळ्यांना भासतो. दिवे घालवून चांदण्यात पुस्तकाचं शीर्षक वाचता येतं का, लाल आणि हिरवा कपडा वेगळा ओळखू येतो का, हेही बघा. कमी उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत.

संत्र्याची पणती

दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री घरात येऊ लागतात, साल अजून हिरवट असली तरी. खाण्यासाठी आणलेल्या फळाची साल मधोमध गोल चिरा, फोडींना सुरी लागू देऊ नका. देठाच्या बाजूचा अर्धा भाग हलक्या हाताने पिळून सोडवा, आतला पांढरा धागा सालीलाच उभा राहायला हवा. तीच वात. दोन चमचे गोडंतेल ओता, वात आधी तेलात भिजू द्या, मग पेटवा. पहिल्या दोन-तीन वेळा ती विझते, कारण धागा ओला असतो. चार तास वाळवून घेतला की नीट जळतो. साल फार सुटलेलं फळ नको, त्यात धागा आधीच तुटलेला असतो.

दिवाळीचा किल्ला

लक्ष्मीपूजनाच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. आदल्या संध्याकाळी केलेला किल्ला पाडव्याला चिरा पडून कोसळतो, आणि नागपुरात तर हमखास, कारण आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तसंच किल्ल्याचं होतं. म्हणून नुसती काळी माती घेऊ नका. एक घमेलं काळी माती, दोन घमेली चाळलेला मुरूम आणि अर्धं घमेलं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा), हे प्रमाण धरा. सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, कुटार शेतकरी ओळखीत फुकट देतात. ते मातीला धरून ठेवतं आणि भेग पुढे जाऊ देत नाही. मिश्रण रात्रभर भिजवा. मुठीत दाबून सोडलं की गोळा टिकला पाहिजे, बोटांतून चिखल गळता कामा नये.

तीन बाय चार फुटांची जागा पुरे, भिंतीला लागून नको, नाहीतर ओल भिंतीत जाते. आधी विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचून डोंगराचा सांगाडा करा. त्यावर जुनं गोणपाट पातळ चिखलात बुडवून पसरा, घड्या तशाच राहू द्या, त्याच दऱ्या होतात. एक दिवस थांबा. मग दोन बोटं जाडीचा थर लावा आणि पुन्हा एक दिवस सावलीत सुकू द्या. ज्या चिरा पडतील त्या पातळ चिखलाने भरा आणि शेवटचा पातळ हात फिरवा. घाईने एकाच दिवशी चार बोटं जाड थर लावला की वरची साल सुकते, आत ओल राहते आणि बुरूज सुटून येतो.

रायगड सगळेच करतात. इथल्या मुलांनी एकदा नगरधन करून बघावा. रामटेकजवळचा हा भुईकोट, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच जागा मानतात. डोंगर नसल्यामुळे पाच-सहा वर्षांच्यांनाही तो जमतो: तट, कोपऱ्यांचे बुरूज, एक मोठा दरवाजा. मोठ्या मुलांना चिखलदऱ्याचा गाविलगड द्या, म्हणजे मेळघाटचे कडे करायला मिळतील. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कोटांचा आराखडा आधी कागदावर काढायला लावा. इंग्रजांनी तो १५ डिसेंबर १८०३ ला घेतला, तोफा कुठून चढवल्या असतील हे किल्ला तयार झाल्यावर मुलं आपणहून विचारतात.

हिरवळीसाठी हळीव आणि मोहरी, लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी. उतारावर हळीवच टाका. भिजलं की त्याभोवती चिकट थर येतो आणि ते जागेवर धरून राहतं. मोहरी आणि गहू उतारावरून घरंगळतात, ते सपाटीला ठेवा, गहू असेल तर दोन दिवस आणखी आधी. पेरल्यावर पहिला दिवस ओलं फडकं झाका. पाणी बोटांनी शिंपडायचं, तांब्याने ओतलं की बी आणि माती दोन्ही खाली येतात. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने हळदीची रेघ ओढा, रोज नवी. चिमण्या-कबुतरांसाठी जुनी जाळीची ओढणी. पणत्या तटाच्या बाहेर सपाट जागी लावा, कुटार वर आलेल्या भागावर नाही. फटाके किल्ल्यापासून दूर.

भाऊबीज झाली की किल्ला फेकू नका. हळीव वरून कात्रीने कापून कोशिंबिरीत घाला, पण फटाक्यांची राख पडलेला भाग सोडून. विटा-गोणपाट वेगळं करा. कोरडी माती मुलांनाच फोडायला द्या, त्यातलं कुटार कुजून खत होतं. या मातीत तेवढंच शेणखत मिसळून कुंड्या भरा आणि मेथी पेरा. नोव्हेंबरच्या थंडीत ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडायला येते.